चंद्रीचं शिंग

माझ्या सासूबाई, रत्नाबाई, म्हणजे आमच्या आत्ती, कशालाही चांगलं म्हणत नाहीत. भाकरी चांगली झाली तर मुकाट्यानं आणखी एक मागतात, बिघडली तर अख्ख्या कसबा बावड्याला ऐकू जाईल असं सांगतात. लग्न होऊन आले तेव्हा मी याचा धसकाच घेतला होता. पुढं इतकी सवय झाली, की त्यांचा आवाज आला नाही तर मला घर खायला उठायचं.

आणि गेल्या वर्षी तो आवाजच बंद झाला. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. धार काढणं थांबलं, म्हणून त्यांची लाडकी म्हैस चंद्री विकावी लागली. माझे यजमान पारस नोकरीवर, आणि मला तर चंद्री जवळ फिरकू देत नव्हती. गिऱ्हाइकाच्या हातात दावं देताना आत्ती काही बोलल्या नाहीत. त्यानंतर बोलेनातच. आमटी कशी झाली विचारलं, तर "बरी हाय." आमटी खारट होती!

अशात त्यांचं पंचाहत्तरावं वर्ष आलं. आमच्याकडं वाढदिवस म्हटला की चौकात डिजिटल बोर्ड लागलाच पाहिजे. पारसनी हौसेनं आईचा मोठा फोटो बोर्डवाल्याला देऊन टाकला.

"अहो, ज्यांचा वाढदिवस त्यांनाच दिसणार नाही तो," मी चिडून म्हटलं.

"गल्लीला दिसंल की!"

मी कपाळाला हात लावला. ठरवलं, आपण आपल्या हातानं ग्रीटिंग करायचं. राजारामपुरीत एक मॅडम डेकुपाज शिकवतात, तिथं नाव घातलं. नाव भारी, काम साधं. कागदावरचं चित्र कापायचं, पुठ्ठ्यावर चिकटवायचं, वरून पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्यायचा, वाळला की पुन्हा एक. मॅडमचा नियम एकच: बोट फिरवलं तर कड लागता कामा नये, चित्र तिथंच छापलंय असं वाटलं पाहिजे.

जुन्या कॅलेंडरवर मला एक काळीभोर म्हैस सापडली. नखं काढायच्या छोट्या कात्रीनं तिला कापताना, कानाशी आल्यावर मी श्वास रोखून धरला होता. घाईत चिकटवली, तर पोटावर फुगे आले. ती गेली वाया. मग शेजारच्या तानाबाईंकडून तसलंच कॅलेंडर आणलं आणि दुसरी म्हैस मधून कडेकडं कापडानं दाबत दाबत बसवली. अशी गुळगुळीत झाली, की मॅडमनी सगळ्या क्लासला दाखवली. मी हवेत!

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मला राहवेना. ग्रीटिंग आत्तींच्या हातात दिलं.

"चंद्री आहे, आत्ती."

त्यांनी त्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. बोटं सरळ या टोकाकडून त्या टोकाकडं घसरत गेली.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या आणि परत दिलं.

आत्तींनी चांगलं म्हटलं होतं! त्यांच्या बोटांना काही म्हणता काही लागलं नव्हतं आणि सुनेचं मन मोडू नये म्हणून त्या बोलल्या होत्या. पारसच्या बोर्डाला नावं ठेवणारी मी, माझं ग्रीटिंग तरी काय वेगळं होतं? आत जाऊन मी रडून घेतलं.

मग डोळे पुसले आणि पुन्हा बसले. आता कडा लागायलाच हव्या होत्या. गल्लीत सगळ्यांकडं तेच कॅलेंडर होतं, हिंडून आणखी म्हशी जमवल्या. एकावर एक ठेवायच्या आणि मध्ये जाड फोमची चिकटपट्टी लावायची. पाठ वर आणली, पोट त्याहून वर, कान सुटे ठेवले. चंद्रीचं एक शिंग खाली वळलेलं होतं. कॅलेंडरवालीची दोन्ही शिंगं कशी नीटनेटकी, म्हणून मी डावं कापून खाली वळवून चिकटवलं. मॅडमनी पाहिलं असतं तर क्लासातून नाव काढलं असतं.

वाढदिवसाच्या सकाळी देवदर्शन करून आल्यावर ते मी आत्तींच्या मांडीवर ठेवलं. काहीच सांगितलं नाही. त्यांचा हात पुठ्ठ्यावर पडला आणि थबकला. पाठीवरून पोटाकडं गेला. मग कानाशी आला. तिथून शिंगावर. बोटं तिथंच घुटमळली, दुसऱ्या शिंगाकडं गेली, परत आली.

"अगं ए येडे!" आत्ती कडाडल्या. "डावं शिंग खाली? चंद्रीचं उजवं वाकडं हुतं की! नजर माझी गेलीया, तुझी न्हवं!"

आवाज एवढा, की तानाबाई हातातलं काम टाकून दारात आल्या. "काय झालं गं अपूर्वा?" मी हसत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

आत्तींचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. धारेला बसण्याआधी चंद्रीला थोपटायच्या, तशा त्या पुठ्ठ्यावरच्या पाठीवर हळूहळू थोपटत होत्या. "हुबी ऱ्हा, माज्या बाई, हुबी ऱ्हा."

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड वर केलं.

"उद्या ह्ये शिंग बदलूया. पर चिकटवताना मला हाक मार. एकटीला तुला जमायचं न्हाय."