लाल चौकाची सतरंजी

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा. समजा, तुम्ही जमिनीवर पालथे पडला आहात आणि तुमच्या पाठीवर वीस माणसांचे गुडघे टेकले आहेत. कुणी गात आहे, कुणी रडत आहे, कुणी आजूबाजूच्या कुणालाच न कळणाऱ्या भाषेत देवाशी बोलत आहे. जड वाटतं ना? मला कधी वाटलं नाही. मी एक जुनी सतरंजी आहे, आणि ते ओझं हेच माझं सुख होतं.

माझा जन्म अकोटचा. विणणाऱ्या तानुबाईने निळ्या पट्ट्यांच्या मधोमध एक लाल चौक घातला आणि म्हणाली, "लोकं कडंकडंनं बसतीन, पन इथं कोनाले तरी मानानं बसवतीन."

मला विकत घेतलं अकोल्याच्या देवानंद मास्तरांनी. त्यांचं चर्च इंग्रजांच्या काळातलं, अँग्लिकन परंपरेचं. तिथे छापील पुस्तकातून प्रार्थना होई. पाळकसाहेब वाचत आणि लोक ठरलेल्या जागी 'आमेन' म्हणत. मास्तरांचा जन्म त्यातच गेला. मग एकदा अमरावतीच्या एका मेळाव्यात त्यांनी माणसांना पुस्तक मिटून, हात वर करून प्रार्थना करताना पाहिलं. परतीच्या एसटीत आपण खिडकीकडे तोंड करून रडलो, असं ते पुढे हसत हसत सांगत. घरी येताच त्यांनी बैठकीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि मला अंथरलं. गुरुवारची सभा अशी सुरू झाली.

रविवारचं चर्च आणि तिथलं भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन त्यांनी सोडलं नाही. पण पवित्र आत्मा आजही माणसांना आजार बरे करण्यासारखी दानं देतो, आणि ती नुसत्या झगा घातलेल्या पाळकांनाच नाही, तर कुणालाही मिळतात, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून माझ्यावर सगळे सारखे. चपला दाराबाहेर. आजारी माणसाला लाल चौकात बसवायचं, त्याच्यावर हात ठेवायचे, आणि सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करायची. शेवटी तळहात माझ्यावर आपटून सगळे म्हणत, "आमेन!"

मास्तर दर गुरुवारी बजावत, "हात ठेवनं आपलं काम. बरं करनं देवाचं. अन् तपासनं डॉक्टरचं. देवानं काय केलं त्याची साक्ष चारचौघात द्याची तं खरीच द्याची."

मास्तरांची नात पिंकी नऊ वर्षांची. तिला जन्मापासून कमी ऐकू येई. कानाला मशीन लावलं की बरंच कळे. पण सगळे एकदम प्रार्थना करू लागले की मशीन कर्कश वाजे. मग ती हळूच ते काढून माझ्या कोपऱ्याच्या घडीत ठेवायची. हे फक्त मला ठाऊक होतं. माझ्यावर तळहात आपटले की धक्का तिच्या गुडघ्यांना कळायचा, आणि तीही म्हणायची, "आमेन!"

एका गुरुवारी तिच्या काकाने, मास्तरांच्या मुलाने कुंदनने, तिला लाल चौकात बसवलं. मशीन तिने आधीच माझ्या कोपऱ्यात ठेवलं होतं. प्रार्थना झाली. धक्का बसला. पिंकी म्हणाली, "आमेन!"

कुंदन उठूनच उभा राहिला. "कानात मशीन नाही हो! तरी पोरगी आमेन म्हनली! आयकू आलं तिले!"

पिंकीची आई शालू मला घट्ट धरून रडू लागली. सगळे नाचले. मास्तर तेवढे म्हणाले, "डॉक्टरले दाखवा आधी."

"आबा, तुमचाच विश्वास कमी पडून राहिला," कुंदन म्हणाला. माझ्या घडीतून डोकावणारं मशीन त्याने उचललं आणि खिशात घातलं.

पिंकीने शालूला सांगितलं, "आई, मले नाही आयकू येत."

कुंदनने तिच्यापुढे वाकून, ओठ हलवत समजावलं, "असं बोलू नाही बेटा. तसं बोललं की भेटलेलं दान जाते."

तिने काकाचं मानलं. काका तिचा लाडका होता, सायकल शिकवणारा. महिनाभर ती शाळेत बाईंचे ओठ बघत राहिली. मित्रांनो, तो धक्का पोचवून सगळ्यांना फसवलं ते माझ्याच धाग्यांनी, हे शल्य मला अजून टोचतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

इकडे सभा वाढली. कुंदनने सेवामंडळ काढलं, मैदानात मंडप घातला, उंच स्टेज बांधलं. फ्लेक्सवर पिंकीचा फोटो लागला. स्टेजवर गाद्यांच्या खुर्च्या आल्या. आणि मी? मला स्टेजच्या पायरीशी टाकलं, बूट पुसायला. ज्या लाल चौकात दुखणाईत माणूस मानाने बसे, तिथे चिखल आला. देवाचा मला राग नाही. पण ज्यांचे गुडघे मी वर्षानुवर्षं झेलले, त्यांनीच मला बूट दाखवले.

सतरंजी मळली तर धुता येते, मित्रांनो. पण लेकराच्या तोंडी खोटं घातलं तर ते कोणत्या पाण्याने धुणार? जुनी वस्तू जपा, आणि तिच्यावर बसून दिलेला शब्दही जपा.

एका संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. कुंदनने पिंकीच्या हातात माइक दिला आणि तिला खूण केली. साक्ष दे. खाली शालू हात जोडून बसली होती. मास्तर मागे उभे होते. पिंकी सगळ्यांचे हलणारे ओठ पाहत राहिली.

मग तिने माइक खुर्चीवर ठेवला. पायऱ्या उतरली. माझ्यापाशी येऊन चपला काढल्या, फ्रॉकच्या टोकाने चिखल पुसला आणि लाल चौकात मांडी घालून बसली. थोड्या वेळाने मला दोन ओळखीचे गुडघे टेकल्याचं कळलं. मास्तर होते ते.

कुंदन धावत खाली आला. "पिंके, काहून उतरली?"

तिने त्याचे ओठ वाचले.

"साक्ष इथंच देतात, काका," ती म्हणाली. "अन् खरी देतात."

कुंदनचा पाय माझ्या काठावर पडला होता. पिंकीने आधी त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. मग मशीनसाठी आपला तळहात त्याच्यापुढे धरला.