विझवलेला पिवळा दिवा

त्या सकाळी आमच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीला जवळजवळ टेकून पळणाऱ्या त्या लाल स्पोर्ट्स कारवर पांढरी चादर पसरलेली होती आणि आत यंत्रबाबा एकटेच बसले होते. बाहेर शेजारचा टायरवाला, समोरचा सुतार, चार रिकामटेकडे आणि गाडीचे मालक, म्हणजे दातांचे डॉक्टर, श्वास रोखून उभे होते. अर्ध्या तासाने बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरले, परंतु महिनाभर आम्हांस छळणारा, चालकासमोरच्या फलकावरचा पिवळा दिवा काही लागला नाही. जमावातून समाधानाची कुजबुज उठली.

बाबांनी निरूपण केले. लोखंडालाही प्राण असतो म्हणे. जुने ब्रेक उपटताना तो रुसून चाकाबाहेर जातो, आणि आपण त्याची समजूत घालून त्यास परत बसवले. जाता जाता त्यांनी बजावले, "ज्याच्या मनात शंका येईल, त्याच्या गाडीचा प्राण पुन्हा जाईल." अशा रीतीने उद्याच्या अपयशाचे खापर फोडण्यासाठी भक्ताचे डोके आजच राखून ठेवले गेले.

मूळ हकीकत अशी. डॉक्टरांना वेगाचा नाद. त्यांनी मोठ्या तबकड्यांचे जबर ब्रेक आणि त्यांसोबत पुढच्या चाकांची नवी बेअरिंगे बसवून घेतली. काम माझ्या हातचे. चाक घसरू लागताच ब्रेक क्षणात सैल-घट्ट करून गाडी सावरणारी एक यंत्रणा अशा गाडीत असते. ती बिघडली की पिवळा दिवा लागतो. तो लागला. मी वायरी तपासल्या, जोडण्या पुसल्या, सेन्सरही बदलले. सर्व व्यर्थ. गॅरेजचे मालक म्हणजे माझे थोरले मेव्हणे. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते म्हणाले, "भावोजी, तुमची पुस्तकं ठेवा आता कपाटात. माणूस मी आणतो."

बाबा गेल्यावर, त्या फलकावरील काचेच्या स्क्रूवर मला ताजा ओरखडा दिसला. मी तो दादांना दाखवला. त्यांनी ओठांवर बोट ठेवले. मी गप्प बसलो, कारण मी त्यांच्या बहिणीचा नवरा आणि त्यांच्याच पगारावरचा माणूस.

पुढल्या रविवारी डोंगरातल्या ओल्या वळणावर डॉक्टरांनी ब्रेक दाबला. नव्या ब्रेकने चाके जागीच आवळली. त्यांना सैल करणारी यंत्रणा मुकी होती. गाडी दगडी कठड्यावर गेली. जीव वाचला. परंतु उजव्या हाताची तीन बोटे कायमची लुळी पडली, आणि ज्या हातावर घर चालत होते, तो आता चमचाही धरीना.

पंधरवड्याने डॉक्टरांच्या पत्नी गॅरेजात आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. योगायोगाने बाबा दुसऱ्या गाडीसाठी आलेलेच होते. ते हळहळत म्हणाले, "ताई, यजमानांच्या मनात शंका आली असणार."

"आली असती तर त्यांची बोटं शाबूत असती," बाई म्हणाल्या.

त्यांनी प्रथम दादांच्या धडधाकट गाडीची किल्ली फिरवली. सगळे दिवे क्षणभर पेटले आणि विझले. यंत्र स्वतःची परीक्षा अशी घेते. मग त्यांनी अपघातानंतर ओढून आमच्याकडेच आणून ठेवलेल्या मोडक्या लाल गाडीची किल्ली फिरवली. सगळे दिवे पेटले; पिवळ्याची जागा तेवढी काळी राहिली. मी, उशिरा का होईना, स्क्रू काढले. आत दिव्यावर नखाएवढी काळी चिकटपट्टी होती.

"मग मुळात दिवा का लागत होता?" सुताराने विचारले.

बाईंनी शाळेतून लोहकिसाची बाटली आणली होती. त्यांनी माझ्याकडून एक कोरे बेअरिंग मागून घेतले आणि त्याच्या कडेवर कीस भुरभुरला. बारीक, समान रेघा उमटल्या. त्या चुंबकाच्या रेघा असून सेन्सर त्या मोजून चाकाचा वेग ओळखतो. लाल गाडीतून मी काढून दिलेल्या बेअरिंगवर मात्र किसाचा नुसता गिचमिड डाग पडला. मी माझ्या कामाच्या टेबलाकडे वळून पाहिले. नट हरवू नयेत म्हणून जुन्या स्पीकरच्या भल्या थोरल्या चुंबकावर सर्व सामान ठेवण्याची माझी वीस वर्षांची सवय. ती बेअरिंगेही दोन दिवस तेथेच होती. त्या जबर चुंबकाने त्यांवरच्या बारीक रेघा मी स्वतःच पुसून टाकल्या होत्या. मी हे सर्वांसमक्ष कबूल केले.

बाबा चादर गुंडाळून निघाले. कोणी अडवले नाही. टायरवाला एवढेच म्हणाला, "काही म्हणा, दिवा तर घालवला होता ना त्यांनी." हल्ली बाबा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात बसतात. आणि डॉक्टर अजूनही पत्नीस विचारतात, त्या वळणावर माझ्या मनात खरंच काही आलं होतं का गं?

वाचकहो, चूक माझी होती. ती शोधून दुरुस्त करता आली असती. ती झाकली गेली तेव्हा ती जीवघेणी झाली. म्हणून विनंती इतकीच, की शंका विचारा. वडीलधाऱ्यांसमोर विचारा, पगार देणाऱ्यासमोर विचारा, आणि वेळेवर विचारा. मी ती विचारली नाही.