वाल्देमारचा भविष्यकाळ

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात उम्म अल कुवैनमधल्या एका लहानशा फुटबॉल क्लबचा दुभाष्या लग्नासाठी सुट्टी काढून बैरुतला गेला आणि तिकडेच रमला. मागे उरले तीन ब्राझिलियन. पन्नाशीचा प्रशिक्षक वाल्देमार, त्याची बायको नेउझा आणि दाराच्या चौकटीला हमखास डोकं आपटणारा उंचनिंच गोलकीपर झुरांदीर. तिघांनाही पोर्तुगीजखेरीज दुसरी भाषा धड येत नव्हती. वाल्देमारने काही दिवस शिट्टी आणि हातवाऱ्यांवर ढकलले. मग ‘डावीकडून धाव’ म्हणून त्याने केलेली खूण एका खेळाडूला ‘घरी जा’ अशी वाटली, आणि तो खरंच घरी गेला. तेव्हा क्लबचा सेक्रेटरी यूनुस शिक्षक शोधायला बाहेर पडला.

शोधत शोधत तो कुंदाच्या दारात आला. कुंदा मिरजेला शाळेत इंग्रजी शिकवायची. नवरा देवदत्त इथल्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपचा सुपरवायझर झाला, तशी तीही नोकरी सोडून इकडे आली. तेव्हापासून तिची दुपार काही केल्या संपत नसे. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची, तीसुद्धा शेजाऱ्यांचे कपडे वाळत नसतील तेव्हा.

“मॅडम, तीन ब्राझिली हैं,” यूनुस आपल्या हैदराबादी हिंदीत म्हणाला. “बहुत शरीफ लोगां हैं. बस, उनके टेन्स ठीक कर देव.”

“लेकिन यूनुसभाई, मेरे को पोर्तुगीज कहाँ आती है?”

“उनकू इंग्लिश कहाँ आती? हिसाब बराबर.”

संध्याकाळी देवदत्तने ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. “अगं, फुटबॉलवाले घरात? नीट विचार केलास का?”

“अहो, व्याकरण शिकायला येतायत ते. काचा नाही फुटायच्या.”

पहिल्या दिवशी तिघं दारात बूट काढून ओळीने उभे राहिले. कुंदा नुकतीच फरशी पुसून उठली होती. तेवढ्यात नेउझाने कोपऱ्यातल्या बालदीकडे बोट दाखवलं आणि आपलं सहज म्हणाली, “बाल्दजी.”

कुंदा थबकली. तिने साबण उचलून दाखवला.

“साबाऊं!” तिघं एका सुरात म्हणाले.

तिने चावी वाजवली. “शावी!” तिने धावत जाऊन बटाटा आणला. “बताता!” मग तर चढाओढच लागली. देवदत्त घरी आला तेव्हा त्याची बायको आणि एक परकी बाई एकमेकींपुढे काजू आणि अननस नाचवत किंचाळत होत्या, आणि एक अगडबंब माणूस जेवणाच्या मेजावर थाप मारून “मेझा! मेझा!” असं ओरडत होता.

क्रियापदांचं काम मात्र एवढं सोपं नव्हतं. झुरांदीर एकाच काळात जगायचा. “यस्टरडे आय गो, टुमारो आय गो, नाऊ आय गो,” असं म्हणून तो खुर्चीत तसाच बसून राहायचा. प्रेझेंट परफेक्टपाशी तर तिघांचीही गाडी अडली. कुंदाने फळा पुसला, खडू ठेवला आणि मनातल्या मनात मराठीत शिरली. जेवलो, आणि जेवलोय. फरक काय? ती परत वळली आणि सांगायला लागली, “आय एट. झालं, ताट उचललं, विषय संपला. आय हॅव ईटन. म्हणजे पोट अजून भरलेलं आहे!” आणि तिने स्वतःच्या पोटावरून हात फिरवून एक खोटी ढेकर दिली.

तिघांचे डोळे चमकले. त्या दिवसापासून झुरांदीरचा हा काळ कधी चुकला नाही, फक्त तो वापरताना तो पोटावरून हात फिरवायचा. “आय हॅव वॉश्ड माय शूज,” पोटावर हात. “माय मदर हॅज टेलिफोन्ड,” पुन्हा पोटावर हात.

वाचनासाठी कुंदा स्वतःच छोटे उतारे लिहायची. मिस्टर झुरांदीर मासळी बाजारात जातात. त्यांना छोटा मासा हवा असतो. विक्रेता त्यांना मोठी मुशी देतो. मिस्टर झुरांदीर दुःखी होतात. आता प्रश्न: मिस्टर झुरांदीर दुःखी का झाले?

“आय ॲम नॉट सॅड,” झुरांदीर म्हणाला.

“पण उताऱ्यात लिहिलंय.”

“बिग फिश! व्हाय सॅड?”

वाल्देमारने त्याची बाजू घेतली, नेउझाने कुंदाची. अर्धा तास वाद चालला आणि त्या नादात तिघांनी भूतकाळातली इतकी वाक्यं केली, की कुंदाने उतारा बदलून मिस्टर झुरांदीरना आनंदी करून टाकलं. त्या रात्री भाजी चिरताना तिला मधेच हसू फुटलं आणि आवरेना. देवदत्तने विचारलं तर तिला फक्त “मुशी!” एवढंच बोलता आलं.

भविष्यकाळ आला आणि वाल्देमार अडून बसला. ‘विल’ हा शब्द त्याला तोंडातून काढवेना. ‘वुई विल विन’ असं म्हणणारा प्रशिक्षक हटकून हरतो, असा त्याचा ठाम अनुभव होता.

“प्रोफेसोरा,” तो काकुळतीने म्हणाला, “विल व्हेरी बिग. आय वॉन्ट स्मॉल वर्ड.”

“मग पुढे इन्शाल्ला जोडा,” कुंदा हसून म्हणाली. तिने ‘होप’ सांगितलं, ‘गोइंग टू’ सांगितलं. वाल्देमारने मान डोलावली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दुबईच्या एका बड्या क्लबशी सामना होता. त्या सकाळी क्लबचे अध्यक्ष अबू राशिद यांनी वाल्देमारला नाश्त्याला बोलावलं. अबू राशिद तेल कंपनीत राहून उत्तम इंग्रजी शिकलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. दुभाष्या नसताना प्रशिक्षक काय बोलतो, ते त्यांना एकदा ऐकायचं होतं. कुंदाने वाल्देमारकडून वाक्यं घोटून घेतली होती, त्यामुळे ती घरी निवांत पोहे करत होती.

तोच यूनुस जिना चढून धापा टाकत आला. “मॅडम, खलास! सब खलास हो गया!”

“अहो, झालं तरी काय?” कुंदा मराठीतच ओरडली.

यूनुसने पाणी पिऊन सगळं सांगितलं. अबू राशिदनी विचारलं होतं, आज काय होईल? वाल्देमार उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “सर, वुई प्रिटेंड टू विन. इन्शाल्ला.”

म्हणजे आम्ही जिंकायचं नाटक करणार आहोत, देवाच्या कृपेने.

“प्रिटेंड?” अबू राशिदनी परत विचारलं.

“यस सर! ऑल प्लेयर्स प्रिटेंड. आय हॅव प्रिटेंडेड ऑल माय लाइफ!” आणि साहेबांचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना धीर द्यायला पुढे म्हणाला, “गोलकीपर इज लिटल कॉन्स्टिपेटेड, बट नो प्रॉब्लेम.”

कुंदाने गॅस बंद केला. त्यातही तिच्या मनात आलं, की ‘हॅव प्रिटेंडेड’ अगदी बरोबर वापरलंय. “अहो, पिकअप काढा!” ती देवदत्तला म्हणाली. वाटेत त्यांनी नेउझाला घेतलं. तिने पोळपाटाएवढा शब्दकोश छातीशी धरला होता.

अबू राशिदच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, वाल्देमार आरोपीसारखा गादीच्या कडेला बसला होता. कुंदाने साहेबांना सलाम केला आणि दोन मिनिटं मागून घेतली. मग ती आपल्या विद्यार्थ्याकडे वळली.

“वाल्देमार, उतारा वाचलाय असं समजा. प्रश्न पहिला. तुम्ही जिंकणार नाही, फक्त तसं दाखवणार. ट्रू ऑर फॉल्स?”

“फॉल्स!” वाल्देमार ताडकन उठला. “आय प्रिटेंड! हिअर!” त्याने छातीवर बुक्की मारली. “इन हार्ट!”

नेउझाची बोटं शब्दकोशात भराभर पानं उलटत होती. तिने एका ओळीवर नख टेकवलं आणि पुस्तक कुंदापुढे धरलं. पोर्तुगीजमध्ये ‘प्रेतेंदेर’ म्हणजे ठरवणं, मनात धरणं. वाल्देमारने ‘विल’पेक्षा लहान आणि नम्र शब्द आपल्याच भाषेतून उचलून त्याला इंग्रजी टोपी घातली होती. कुंदाने पुस्तक साहेबांपुढे ठेवलं. अबू राशिदनी चष्मा लावून ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. त्यांच्या मिशा थरथरल्या. ते खांदे हलवत हसायला लागले आणि वाल्देमारला जवळ ओढून बसवून घेतलं.

“आणि ते कॉन्स्टिपेटेड?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

नेउझाने पुन्हा पान काढलं. तिच्या गावाकडे त्याचा अर्थ नाक चोंदणं, सर्दी होणं. झुरांदीरला साधी सर्दी झाली होती.

अबू राशिदचं हसू एकदम थांबलं. “मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “मी तर त्याच्यासाठी घरातून सनामकीचा काढा करून पाठवला.”

सनामकी म्हणजे आपली पोट साफ करणारी सोनामुखी. लहानपणी आत्याने कुंदाला ती एकदा पाजली होती, आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली होती. “झुरांदीर कुठाय?”

वाल्देमारबरोबर आलेला झुरांदीर बाहेर ओट्यावर रिकामा जग घेऊन बसला होता. यजमानांनी प्रेमाने दिलेलं औषध त्याने शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं होतं.

“आय हॅव ड्रंक,” तो नाक ओढत म्हणाला आणि त्याने पोटावरून हात फिरवला. या वेळी त्या हाताखाली काहीतरी गुरगुरलं.

सामन्याला मैदानाच्या बुटक्या भिंतीपलीकडे देवदत्तने पिकअप लावली आणि कुंदा आणि नेउझा मागे हौद्यात चढून उभ्या राहिल्या. झुरांदीरने हट्टाने हातमोजे चढवले होते. इतका जीव तोडून खेळणारा गोलकीपर त्या मैदानाने पाहिला नव्हता. चेंडू आपल्या बाजूला येऊच नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. दुबईवाल्यांचा प्रत्येक फटका तो मुठीने पार मध्यरेषेपलीकडे पिटाळत होता. “ब्राव्हो!” नेउझा ओरडायची. “शाब्बास रे!” कुंदा ओरडायची.

मध्यंतराला थोडा वेळ असताना झुरांदीर अचानक ताठ उभा राहिला. त्याने आकाशाकडे बघितलं, हातमोजे काढून पंचांच्या हातात दिले आणि धावत सुटला. संबंध सामन्यात तेवढ्या वेगाने दुसरं कोणी धावलं नाही. प्रेक्षकांना वाटलं काही तरी डावपेच असेल, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बदली गोलकीपरने आल्या आल्या एक गोल खाल्ला. नेउझाने डोळे झाकले.

पण नंतर तो पोरगा सावरला. आणि अगदी शेवटी, घरी निघून गेलेला तोच डावीकडचा खेळाडू वाल्देमारच्या खुणेवर सुसाट धावला आणि त्याने चेंडू जाळ्यात ठोकला. एक-एक. त्या बड्या क्लबशी यांनी आजवर कधी बरोबरीही केली नव्हती. अबू राशिद आपल्या खुर्चीवरून उठून मैदानात आले. कुंदा काय ओरडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. घसा बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की मिरज सोडल्यापासून आपण इतक्या मोठ्याने बोललोच नव्हतो. देवदत्त टपाला टेकून उभा होता, सामना सोडून तिच्याकडेच बघत.

“काय बघताय?”

“काही नाही. ओरड तू.”

सामन्यानंतर सगळे समुद्रावर गेले. झुरांदीरसुद्धा आला, जरा फिकट पण हसतमुख. यूनुसने बिर्याणी आणली होती. परतताना पिकअपची मागची चाकं वाळूत रुतली. देवदत्त स्टिअरिंगला बसला, बाकीचे मागे गेले.

“पुश!” देवदत्तने खिडकीतून डोकं काढून हाक दिली.

कुंदा आणि यूनुसने खांदे लावले. ब्राझिलियन तिघांनी फळीला हात घातले, पाय रोवले आणि सगळा जोर लावला. गाडी थरथरली, पण जागची हलेना. कुंदाने घाम पुसत बाजूला बघितलं. तिघं गाडीला सगळ्या ताकदीनिशी मागे ओढत होते.

“अहो, काय करताय? पुश!”

“यस! पुशी!” वाल्देमार म्हणाला आणि त्याने आणखी जोरात ओढलं. त्यांच्या भाषेत ‘पुशी’ म्हणजे ओढ.

“तो फिर पुल करो! पुल!” यूनुस वैतागून ओरडला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि प्रशिक्षक, त्याची बायको आणि गोलकीपर जागच्या जागी उड्या मारायला लागले. ‘पुली’ म्हणजे उडी मार!

कुंदा मटकन वाळूत बसली. तिला श्वास घेता येईना. यूनुस कपाळाला हात लावून तिच्या शेजारी बसला, आणि तेवढ्यात त्यालाही हसू फुटलं. तिघं मात्र शिस्तीत उड्या मारतच होते, पुढची सूचना येईपर्यंत.

“ढकला!” कुंदा शेवटी कशीबशी उठून म्हणाली आणि दोन्ही हात पुढे रेटून दाखवले. “ढ-क-ला!”

“धाकला!” तिघं गरजले आणि त्यांनी गाडीला असा दणका दिला, की पिकअप वाळू उडवत उसळून बाहेर आली. देवदत्तला ब्रेक सापडायच्या आत ती दूरवर गेली. “धाकला! धाकला!” असं ओरडत तिघं तिच्यामागे पळत सुटले, आणि कुंदा एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून सगळ्यांच्या मागे धावली.