मुका कप्तान

भिंग डोळ्याला लावून तो कॉमिकच्या शेवटच्या पानावर वाकला आणि तसाच राहिला. मग भिंग काढून त्यानं सदऱ्याच्या टोकाला पुसलं आणि पुन्हा लावलं. पुसून काही फरक पडला नाही.

“हे काय आहे?”

“काय?” बहीण चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“हे निळं!”

“पेन आहे.”

“पेन आहे ते कळतंय मला. माझ्या मुक्यावर पेन कुणी चालवलं?”

एरवी या वाक्यावर दोघंही हसून लोळली असती. त्याच्या बायकोनं तर त्याचं फोनवरचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, ‘कुणाकडे मुका मागताय एवढ्या अजिजीनं?’ असं विचारलं होतं. आज कुणी हसलं नाही.

कॉमिकं गोळा करणाऱ्यांच्या जगात ‘मुका’ म्हणजे ‘कप्तान भिंगरी’च्या नवव्या अंकाच्या काही मोजक्या प्रती. छापताना शेवटच्या चित्रातल्या फुग्यात अक्षरं उमटायची राहून गेली होती. पहिला गठ्ठा बाहेर पडल्यावर ते कुणाच्या तरी लक्षात आलं, यंत्र थांबवलं, प्लेट बदलली. त्यानंतरच्या प्रतींत, वर्षानुवर्षं समुद्रावर भटकून घरी परतलेला कप्तान दारात उभा राहून ‘मी आलो!’ म्हणतो आणि त्याची बहीण कंदील घेऊन समोर उभी असते. पहिल्या गठ्ठ्यातला कप्तान नुसताच तोंड उघडून उभा, डोक्यावर पांढराशुभ्र रिकामा फुगा. त्या रिकाम्या फुग्यासाठी चांगली शिकली-सवरलेली माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात.

नवव्या अंकाचे बाकीचे सगळे अवतार त्याच्याकडे होते. जाड कागदाचा होता, किंमत चुकीची छापलेला होता, कप्तानाचा लाल कोट जांभळा झालेलासुद्धा होता. मुका तेवढा नव्हता. मग एके दिवशी दाढी करता करता त्याला आठवलं की लहानपणी घरात जो अंक होता, त्यातला कप्तान काही बोलायचा नाही. तो अंक बहिणीच्या ट्रंकेत होता. गेल्या काही वर्षांत मिळून त्यानं तिला केले नसतील इतके फोन मग त्यानं महिनाभरात केले. उन्हात ठेवू नकोस. पिना गंजल्यात का बघ, पण हात लावू नकोस. वर काहीतरी वजन ठेव, पण फार जड नको. रविवारी संग्राहकांचं प्रदर्शन होतं आणि त्यातली मधली काचेची पेटी त्यानं आधीच सांगून ठेवली होती.

आता त्यानं पान उजेडाकडे तिरकं धरलं. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि धडक कुठून बसली, पोचा जुना की नवा, ते सांगायचं, हे त्याचं रोजचं काम.

“शाई ताजी आहे,” तो म्हणाला. “तुझ्या शाळेतलं कुणी पोरगं आलं होतं का घरी?”

“नाही.”

“मग कुणी केलं हे?”

“मी केलं. काल.”

त्याला क्षणभर ऐकूच आलं नसावं. मग त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

“तू शाळेत ग्रंथपाल आहेस, चिंगे! पोरानं पुस्तकात साधी रेघ मारली तर त्याला फाडून खातेस तू!”

“दंड करते. खात नाही.”

“अक्कल गहाण ठेवली होतीस का?” त्यानं पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. “हे बघ. मागं वळ उठलेत. म्हणजे सावकाश, दाबून लिहिलंय. टेबलावर ठेवून, शिस्तीत. हे चुकून झालेलं नाही.”

“नाही.”

“मुद्दाम केलंस?”

“हो. आणि टेबलावर नाही, जमिनीवर बसून केलं.”

बोलता बोलता ती पुढं आली आणि दोन्ही कप तिनं इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला आदळले, कारण खोलीत कप ठेवण्याजोगं दुसरं काही नव्हतं. तिथंच त्यानं आपला रुमाल अंथरून अंक ठेवला होता. टेबल डुगडुगलं. एक कप कलंडला आणि उकळता चहा तिच्या मनगटावरून खाली ओघळला. त्यानं झडप घातली आणि अंक उचलून छातीशी धरला.

तिनं हात झटकला. मनगटावर फुंकर घालत ती त्याच्याकडे बघत राहिली.

“भाजलं मला,” ती म्हणाली.

“अंकावर पडला असता!”

म्हणून झाल्यावर त्यालाही ते कसंतरीच वाटलं. पण राग एवढा चढला होता की माघार घेणं जमेना, आणि त्यानं उलट अंकाचे कोपरे तपासायला सुरुवात केली. हे बघून तिचं डोकं फिरलं.

“आल्यापासून तू काय काय बोललास ते सांगू? दार उघडलं तर म्हणालास, ‘कुठंय?’ आत आलास तर म्हणालास, ‘खिडकी लाव, धूळ येते.’ मग म्हणालास, ‘एक धड टेबल नाही तुझ्या घरात.’ गेल्या खेपेला कशावर जेवला होतास, दादा?”

“आता त्याचं काय इथं?”

“कशावर जेवलास? मांडीवर ताट घेऊन?”

त्यानं मान वर केली. जेवणाचं टेबल जिथं होतं तिथल्या फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या. भिंतीवर कपाटाएवढा चौकोन बाकीच्या भिंतीहून उजळ दिसत होता. खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर वाळत घातलेला टॉवेल. तो आल्यावर सगळ्यात आधी त्या खुर्चीवर आपली बॅग ठेवून मोकळा झाला होता.

“टेबल, कपाट, खुर्च्या आणि तो,” ती म्हणाली. “सगळं एकाच टेम्पोतून गेलं.”

“कधी?”

“तुझा पहिला फोन आला ना, त्याच आठवड्यात. मला वाटलं, तुला कुठूनतरी कळलं म्हणून केलास. रडू आवरून फोन घेतला मी. तू पिनांचं विचारलंस.”

ज्याची चूक उघडी पडते तो जास्तच चिडतो, तसा तोही चिडला.

“मग सांगायचंस ना! मला काय स्वप्न पडणार होतं?”

“प्रत्येक फोनला सांगणार होते. ‘दादा, ऐक ना,’ म्हटलं की तू म्हणायचास, ‘हो हो, ते सगळं नंतर, आधी पान पिवळं पडलंय का ते सांग.’ आणि पान पिवळं नाही हे कळलं की ठेवून द्यायचास.”

“म्हणून हे केलंस? नवऱ्याचा राग माझ्या कप्तानावर काढलास?”

“नवऱ्याचा राग नवऱ्यावर काढून झालाय. हा तुझा आहे.”

“वा! झाला ना मग जीव थंड? आता याला कुत्रं विचारणार नाही. रविवारी काय तोंड दाखवू मी लोकांना? एवढा जपलेला अंक आणि शेवटच्या पानावर बॉलपेन. तेही स्वस्तातलं, गोळे सोडणारं. या टोकाला बघ, शाईचा थेंब साचलाय. कागदाचे धागे उचकटलेत. खोडरबर लावलं तर भोक पडेल!”

ती त्याला बोलू देत होती. तिचा राग कमी झाला नव्हता, पण आता त्यात जरा नवल मिसळलं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “काय लिहिलंय?”

“म्हणजे?”

“फुग्यात. काय लिहिलंय मी?”

त्यानं तोंड उघडलं. शाई कुठली, दाब किती, पेन कुठं थांबलं, कुठून उचललं, हे सगळं त्याला सांगता आलं असतं. अक्षरं त्यानं भिंगातून एकेक करून पाहिली होती आणि वाचली नव्हती.

“वाचलंच नाहीस,” ती म्हणाली. “लहानपणी त्या फुग्यात रोज नवीन काहीतरी कोण घालायचं? एक दिवस कप्तान आंघोळीला पाणी मागायचा, एक दिवस शेजारणीच्या कोंबडीवर खेकसायचा. हसून हसून उचकी लागायची मला. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असाच अंक असतो. मोठ्या भावानं भरायचा फुगा.”

तिचा आवाज आता चढलेला नव्हता, पण भाजलेलं मनगट तिनं दुसऱ्या हातात घट्ट धरलं होतं.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्यानं.”

“काय पोरखेळ आहे हा!”

“वाच, नाहीतर तो अंक घे आणि नीघ.”

त्यानं अंक उघडला. भिंगाची गरज नव्हती. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर असतं तसं तिचं गोल, स्पष्ट अक्षर होतं. समोर कंदील धरून उभी असलेली बहीण, दारात तोंड उघडून उभा कप्तान, आणि त्याच्या डोक्यावर दोनच शब्द. त्यानं घसा खाकरला आणि कुणाविरुद्धची तक्रार वाचून दाखवावी तशा रागीट आवाजात वाचलं,

“कशी आहेस?”

“बरी नाहीये,” ती लगेच म्हणाली.