भिंतीपलीकडची बेस गिटार

गिटार दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराला सगळे कानसेन म्हणत, आणि नाही म्हणायला त्यालाही ते आवडायचं. दारात कुणी नुसती एक तार छेडली की हा आतून सांगायचा, "मान वाकलीय, ठेवून जा." मान खरंच वाकलेली असायची, त्यामुळे त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

त्याच्याकडे एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांचा दीर दोन जुन्या बेस गिटार घेऊन आले. दोन्ही एकाच कारखान्यातल्या, तपकिरी, अर्ध्या पोकळ अंगाच्या, छातीवर दोन लांबट भोकं. बाईंचे यजमान सहा महिन्यांपूर्वी गेले होते. एक गिटार दीर नेणार होता, एक बाई ठेवणार होत्या.

"दादा घरी रोज एकच वाजवायचा, दुसरी फक्त कार्यक्रमाला," दीर म्हणाला. "पण कुठली कुठली, ते आता कोण सांगणार?"

"मला दिसण्यातलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "मी रात्रपाळी करून येऊन झोपायचे आणि हे पलीकडच्या खोलीत वाजवायचे. मध्येच थांबून विचारायचे, झोपमोड होतेय का? तो आवाज ऐकला की ओळखेन. घरची तेवढी मला हवी."

कानसेनाची कळी खुलली. त्याने आठवडा मागून घेतला.

त्याची एक पद्धत होती. टेबलावर आलेलं वाद्य आधी स्वच्छ करायचं, मग बोलायचं. त्याने दोन्हींच्या जुन्या तारा उतरवल्या, मध्ये अडकलेला केरकचरा झाडला, नव्या तारा चढवल्या. मग भोकातून छोटा आरसा घालून पोट तपासलं. पहिलीच्या पोटात मानेपासून बुडापर्यंत लाकडाचा सलग ठोकळा होता, म्हणून तिचा सूर लांबवर टिकायचा. दुसरीत ठोकळा फक्त तारा टेकतात त्या घोडीखाली, बाकी सगळी पोकळी. तिचा सूर गोल, जाडसर आणि लवकर विरणारा. घरात वाजवायची ती हीच, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

ठरल्या दिवशी त्याने ऐटीत दुसरी वाजवली. बाईंनी मान हलवली. पहिली वाजवली. पुन्हा नाही.

"नीट ऐक ना वहिनी," दीर म्हणाला. "दोनच तर आहेत."

"नाही हो भावजी, यातली कुठलीच नाही." बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच विसरले. सहा महिन्यांत विसरले."

"असू दे. कुठलीही ठेव."

बाई पर्स उचलून उठल्या. तेवढ्यात कानसेनाला आठवलं. पहिलीच्या तारा उतरवताना त्यांच्याखाली, घोडीला लागून, एक मळकी लोकरीची घडी होती. सूर आखूड करायला वाजवणारे असं काहीतरी दाबून ठेवतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि त्यानेच ती कचरा म्हणून उपटून फेकली होती. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण या बाईंना स्वतःच्या कानांवरचा विश्वास घालवून घरी पाठवायचं त्याला जमेना.

"बसा बाई," तो म्हणाला. "तुमचे कान धड आहेत. माती मी खाल्लीय."

केराचा डबा आठवडाभर ओतलेला नव्हता. आळस पहिल्यांदाच कामी आला. त्याने जुन्या तारांचं वेटोळं काढलं, घडी काढून झटकली. बाईंनी ती हातात घेऊन उलगडली.

"ही माझ्या ड्यूटीच्या स्वेटरची बाही," त्या म्हणाल्या. "किती शोधली मी! उंदरांनी नेली असेल म्हणायचे."

"नुसती बाहीच?" दिराने विचारलं. बाई हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. कशासाठी कापली, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

कानसेनाने पहिलीवर जुन्या तारा चढवल्या, बाही होती तिथेच दाबून बसवली. मग गिटार आणि अ‍ॅम्प घेऊन तो मागच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. सूर आता दबका, आखूड येत होता. चार-पाच सूर वाजवून तो थांबला. बाहेरून काहीच ऐकू येईना. पुन्हा चुकलं की काय, म्हणून तो उठणार, तोच भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला, जरा झोपाळलेला.

"नाही हो होत झोपमोड. वाजवा तुम्ही."

तो पुन्हा बसला आणि वाजवू लागला.