दुपट्ट्याखालचा आकडा

डॉक्टर पौर्णिमा अकोल्याच्या एका दवाखान्यात गुडघेदुखीवर संशोधन करत होती. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, आणि चारच्या वर आकडा सांगेल त्यालाच नवा उपचार, असा नियम. एकच जागा उरली होती आणि आज शेवटचा दिवस होता.

आले जुन्या शहरातले नत्थुजी. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. जिन्याच्या पायरीपायरीला त्यांचं तोंड वाकडं होत होतं. मागून केशरबाई, त्यांची बायको, दोन पिशव्या घेऊन चढत होत्या.

"किती दुखते, काका?"

"दोन."

"अन् जिना चढताना?"

"दीड."

पौर्णिमाने कपाळाला हात लावला. आपणच आठ लिहून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. पण खोटा आकडा लिहिणं तिच्या जिवावर आलं. "काका, दोन लिहिलं तर उपचार नाही मिळत. खरं सांगा ना."

नत्थुजींनी बाकांवरच्या गर्दीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाई, भर बाजारात आपल्या बैलाची खोड कोणी मोठ्यानं सांगते काय? यातले चार तं माहे गिऱ्हाईक आहेत."

"मग बाजारात भाव कसा सांगता?"

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तिच्या हातावर टाकला. त्याखाली तिची पाचही बोटं दाबली, सोडली, मग तीन दाबली. आठ. हे सगळं खिडकीबाहेर बघत.

फॉर्मवर एक रकाना होता, आकडा तोंडी सांगितला की लेखी. पौर्णिमाने दोन्ही खोडून 'दुपट्ट्याखाली' असं लिहिलं. हसू दाबून दाबून तिचेच गाल दुखायला लागले.

नत्थुजी सही करायला टेबलाकडे गेले. तेवढ्यात केशरबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि पदर पुढे केला. काहीतरी खाऊ असेल म्हणून पौर्णिमाने हात पुढे केला. पदराखाली तिची पाचही बोटं दाबली गेली. सुटली. पुन्हा पाचही दाबली गेली.

"मावशी, तुमचे गुडघे? मग इतका वेळ बोलल्या काहून नाही?"

"मले कोनं इचारलं?"

पौर्णिमाला मनापासून लाज वाटली. संशोधनातली जागा तर संपली होती. तिने पिशव्या बाजूला सरकवल्या, आपली खुर्ची केशरबाईंना दिली आणि नवा केसपेपर ओढला.