दोरीच्या आतली दहा मिनिटं

काही माणसांची जीभ चटकन उचलते आणि टाळ्याला लागते. आपल्या गॅरेजवाल्याचा हात उचलायचा! चहा गार झाला, दार जोरात आपटलं, की बसलीच समोरच्याला. त्या रविवारी सकाळी नऊ वर्षांची लेक बुटाच्या नाड्या बांधायला वेळ लावत होती, म्हणून त्याने तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"अहो, जंगल काय पळून जातंय?" बायको ओरडली. "महिन्यातून एकदा पोरीला बाहेर नेता, तेही बडवत?"

"बडवल्याशिवाय ही गोगलगाय हलते का?"

तुमच्या-आमच्या घरांतही असे धपाटे पडतात, आणि आपण त्याला वळण लावणं म्हणतो.

गावाबाहेरचं सरकारी जंगल सगळ्यांना खुलं होतं. दर रविवारी वनरक्षक बाई तिथे मुलांना फिरवायच्या, पावलांचे ठसे आणि घरटी ओळखायला शिकवायच्या. शेवटी प्रत्येक मुलाने एकेका झाडाखाली दहा मिनिटं अजिबात न हलता बसायचं आणि जे दिसेल त्याचं नंतर चित्र काढायचं. आईबापांनी भोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभं राहायचं.

"हाका मारू नका, आत येऊ नका," बाईंनी बजावलं. "काही झालंच तर मी आहे."

लेक मांडी घालून बसली. पाचेक मिनिटांनी पाचोळा सळसळला आणि एक तपकिरी साप तिच्या बुटांशेजारून सरकत निघाला. तिने श्वास रोखला, पण जागची हलली नाही. बाईंनीही साप ओळखला आणि बापाला हातानेच थांबायची खूण केली.

थांबतो कसला! दोरी ओलांडून, झाडाला टेकवलेली बाईंची काठी उचलून तो धावला. पहिल्या घावाने साप उलटापालटा झाला, दुसऱ्याने त्याचं डोकं फुटलं. रक्ताचे शिंतोडे पोरीच्या मोज्यांवर उडाले. साप मेला तरी हा घाव घालतच सुटला. सगळी मुलं किंचाळू लागली. "मारू नका!" म्हणत लेकीने हात मध्ये घातला आणि पुढचा घाव तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोरीपर्यंत ऐकू आला.

बाईंनी काठी हिसकावली, तर त्याने बाईंनाच ढकलून पाडलं. दुसऱ्या एका मुलीच्या वडिलांनी त्याची गचांडी धरून थोबाडीत मारली. ओठ फाटून रक्त आलं तरी याचं आपलं चालूच, "माझी पोर मेली असती! सोडा मला!"

"बिनविषारी होता तो," बाई उठत म्हणाल्या. त्यांचं कोपर सोलवटलं होतं. "तिला जे शिकवलं, ते तिने अगदी बरोबर केलं. साप आपल्या वाटेने निघाला होता. मग हाड कुणी मोडलं तिचं?"

"मी घाबरलो हो! बाप आहे मी!"

"घाबरलात, कबूल. पण घाबरलात की मारता, चिडलात की मारता. दुसरं काही येतं का तुम्हाला?"

तो लेकीजवळ गुडघ्यांवर बसला आणि तिला उचलायला त्याने हात पुढे केला. मोडलेलं मनगट पोटाशी धरून ती मागे सरकली. दुसरा हात तिने डोक्यावर आडवा धरला.

"बाबा, नका ना मारू," ती रडत म्हणाली. "मी खरंच हलले नव्हते."

अरेरे! पोरीला वाटलं होतं, ही सगळी शिक्षा आपल्यालाच! सापाशेजारी निश्चल बसलेली ती मुलगी बापाच्या रिकाम्या हाताला भ्याली होती. तो तिथेच पाचोळ्यात तोंड लपवून हमसाहमशी रडला. तिला दवाखान्यात बाईंनीच उचलून नेलं.

तीन आठवड्यांनी प्लास्टर घातलेली लेक आईबरोबर पुन्हा जंगलात आली. मागोमाग गॅरेजवाला आला आणि बाईंची माफी मागून खालच्या आवाजात म्हणाला, "मलाही आत बसवा."

"ते तिला विचारा," बाई म्हणाल्या.

लेकीने त्याच्या हातांकडे पाहिलं. "बसा," ती म्हणाली, "पण हातांवर बसायचं. हात मांड्यांखाली."

चाळिशीचा तो दांडगा माणूस मुलांमध्ये स्वतःच्या हातांवर बसला. मुंग्या पोटऱ्यांवर चढल्या, एक तर मानेपर्यंत पोचली. दोनदा त्याचे खांदे उसळले, पण हात काही निघाले नाहीत. दहा मिनिटं संपल्यावर लेक उठली आणि त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर येऊन बसली. त्याहून जवळ ती आली नाही, आणि ये म्हणायचं त्याला धाडस झालं नाही.

मित्रहो, ही जंगलं, ही मैदानं आपल्या सर्वांची आहेत. मुलांना तिथे जरूर न्या. पण ज्या मुलाला घरातल्या हाताची दहशत आहे, ते निर्भय व्हायला कुठल्या जंगलात जाणार? आधी आपला हात आवरा! मोडलेलं हाड सहा आठवड्यांत जुळतं. ते दोन हातांचं अंतर ओलांडायला त्या लेकीला पुरतं एक वर्ष लागलं.